कुंपणाजवळची तांबडबुडी

मंगळवार, ४

एकोणिसावा ठोंब निम्मा वर आला होता. डाव्या हातात बुडखा, उजव्या हातात पहार, आणि मुळं तुटतानाची कटकट सुरू झाली होती. तेव्हा माझी नजर पानाच्या सांध्याकडे गेली. मी पहार सोडली. ठोंब तसाच तिरका राहिला, निम्मा जमिनीत, निम्मा बाहेर.

मुकादम पलीकडून ओरडले, "काय झालं? साप?"

"नाही. पाणी प्यायची सुट्टी."

"आत्ताच तर झाली."

"अजून एक."

"घ्या रे," ते माणसांना म्हणाले, "धाकट्या बाईंना आज उदार व्हायचा झटका आलाय. उतरायच्या आत पिऊन घ्या."

आठ माणसं झाडाखाली गेली. मी गुडघ्यांवर बसून राहिले.

ताई, या पाकिटात एक काडी आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवली आहे, जपून उघड. काडीवर चार पानं आहेत. पातं खोडापासून सुटतं तिथली जिभली बघ. खालच्या दोन पानांना जिभलीच्या जागी केसांची झालर दिसेल. तिसऱ्याची जिभली अर्धी फाटलेली आहे. चौथ्याची, सगळ्यांत वरच्या कोवळ्या पानाची, अखंड आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. एकाच काडीवर. मी भिंगातून पाहिलं, मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

झालर असेल तर परका घरजावई, पापुद्रा असेल तर आपली इथली तांबडबुडी. हा नियम तू मला शिकवलास आणि मी दर हंगामात नव्या माणसांना शिकवते. परक्या गवताचं पुस्तकातलं नाव अजून कोणाच्या तोंडी बसलेलं नाही. मुकादमांनी ठेवलेलंच चालतं. कोणी विचारलं की ते सांगतात, "चाऱ्यासाठी म्हणून चार दिवस आणलं, आणि घर बळकावून बसलं. आता घरच्यांनाच जागा नाही. मग काय म्हणणार त्याला?" माणसं हसतात. मीही दर वर्षी हसते.

पण एकाच काडीवर दोन्ही असेल तर ती काडी कोणाची, हे नियमात नाही.

हे कुंपणाजवळच्या तुकड्यात आहे, तिसऱ्या खांबाच्या अलीकडे. आज आम्ही नुसती कड उपटत होतो. आतला भाग १९ तारखेला, बुधवारी, फवारायचा आहे. गाडी सांगून झाली आहे.

अठरा ठोंब माझ्या लक्षात यायच्या आधीच निघाले होते. ते ओल्या पोत्यात गुंडाळले आणि दुपारी एकटीनं परत त्यांच्या खड्ड्यांत लावले. मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होते. "सकाळी उपटायचं, दुपारी लावायचं," ते म्हणाले. "थोरल्या बाईंच्या वेळेला असं नव्हतं." एकोणिसावा मात्र उपटून झाला नव्हता म्हणून नुसती माती दाबली. तिथं तरी वेळेत थांबता आलं.

मला एवढंच विचारायचं आहे: ही काडी कोणाची? बाकी काही विचारत नाही, आणि बाकी काही लिहीतही नाही. माझा फोन तू घेत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून पत्र. पत्ता आईनं दिला. कशाला हवा, असं तिनं विचारलं नाही.

धाकटी


सोमवार, १०

उत्तर आलं नाही. पत्राला जायला तीन दिवस, यायला तीन दिवस, म्हणजे अजून उशीर झालेला नाही, असं मी आज सकाळी आईला म्हटलं. आई म्हणाली, "मी कुठे विचारलं?"

आज अधीक्षकांकडे गेले होते. हे तुझ्या वेळचे नव्हेत, तीन वर्षांपूर्वी आले. त्यांच्या टेबलावर सगळे कागद काटकोनात असतात आणि पेन कागदांना समांतर असतं. माणूस वाईट नाही.

मी म्हटलं, "कुंपणाजवळचा तुकडा फवारणीतून वगळायला हवा. तिथं तांबडबुडी असण्याची शक्यता आहे."

"तांबडबुडी या माळावर नाही," ते म्हणाले. "पाणथळाजवळचा तुकडा शेवटचा होता. तो सहा वर्षांपूर्वी गेला. अहवालात आहे."

"दुसरा तुकडा असल्याचीही नोंद आहे."

"कुठे?"

मी तुझी नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली. पान सत्तेचाळीस, तुझ्या अक्षरात: कुंपणाजवळ, तिसऱ्या खांबापासून चाळीस पावलं, तांबडबुडी, विरळ. वही माझ्याकडे कशी, असं तुला वाटेल. कचऱ्यात जाणार होती. मी घरी आणली.

त्यांनी वही उघडली नाही. उठून कपाटातून एक फाईल काढली, तिच्यातला एक कागद वहीवर ठेवला. "या वहीतल्या ओळखी ग्राह्य धरायच्या नाहीत असं लेखी ठरलंय. खाली सह्या कोणाच्या आहेत?"

तीन सह्या होत्या.

"तिसरी तुमची ना?" त्यांनी खवचटपणे विचारलं नाही. त्यांना खरंच खात्री करून घ्यायची होती.

"माझीच."

"मग?"

मी म्हटलं, फुलोरा यायला तीन-चार आठवडे आहेत, तेवढं थांबू, फुलोऱ्यावरून निर्विवाद कळेल. ते म्हणाले, "तेवढ्यात घरजावई बी टाकेल. एका तुऱ्यात किती बी असतं ते मागच्या सभेत तुम्हीच सांगितलंत. इतकं पटवून सांगितलंत की मी ते लिहून भिंतीवर लावलंय."

मी मागे वळून पाहिलं. खरंच लावलं होतं.

"लेखी ठरलेलं बदलायला कारण लागतं," ते म्हणाले. "ही वही चुकीची नव्हती हे दाखवा. कारण आणा, मी आजच्या आज थांबवतो."

कारण माझ्याजवळ होतं. मी ते घेऊन परत आले.

काल तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. आई म्हणाली, "बरी आहे. जेवते कमी, बोलते त्याहून कमी." मग तू काहीतरी बोललीस. आई म्हणाली, "पाकीट मिळालं असेल तर तिलाच सांग. मी काय पोस्टमन आहे?"

म्हणजे पाकीट मिळालं. मी एक ताट दोनदा पुसलं.

आज १०. नऊ दिवस आहेत.


शुक्रवार, १४

तुझं कार्ड काल आलं.

"काडी मिळाली. वरच्या पानाची जिभली अखंड. खालच्या ऊन-वाऱ्यानं फाटल्या आहेत, त्यांची झालर खरी नव्हे. तांबडबुडी, माझ्या मते."

मग एक आडवी रेघ. तिच्याखाली: "झेंड्या कोणी बदलल्या?"

'माझ्या मते' हे शब्द तू पूर्वी लिहीत नव्हतीस. काल संध्याकाळी मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. एकशे बारा पानं आहेत. ते एकदाही नाहीत.

झेंड्या मी बदलल्या.

तू पाणथळाजवळच्या तुकड्याभोवती चौदा पांढऱ्या लावल्या होत्यास. पांढरी म्हणजे हात लावायचा नाही, लाल म्हणजे फवारायचं. फवारणाऱ्या माणसांना एवढंच सांगितलेलं असतं आणि एवढंच पुरतं. गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. सकाळी आपलं भांडण झालं, ते तुझ्याही लक्षात असेल. तू म्हणालीस, बूड बघ, बूड तांबडं आहे. मी म्हटलं, कोरड्या वर्षी सगळ्यांचीच बुडं तांबडी होतात, नियम जिभलीचा आहे. तू म्हणालीस, "नियम मी केलाय, मला शिकवू नकोस."

दुपारी मी भिंग घेऊन एकटी गेले. चाळीस काड्या पाहिल्या. चाळीसच्या चाळीस झालरीच्या. त्या वर्षी पाऊस नव्हता. पापुद्रे सगळे फाटून केसांसारखे झाले होते, आणि कोवळं पान एकाही काडीवर आलेलं नव्हतं, की ज्यावर अखंड जिभली दिसली असती. हे मला आता, त्या एकोणिसाव्या ठोंबाजवळ बसल्यावर कळलं. त्या दिवशी मी नियमाप्रमाणे पाहिलं आणि नियमाप्रमाणे चुकले. एवढं माझ्या बाजूनं आहे. पुढचं काहीच नाही.

मी चौदा पांढऱ्या उपटल्या, चौदा लाल लावल्या. तुला सांगितलं नाही, कारण तू हो म्हणाली नसतीस. तू स्वतःच्या नावासाठी अडून बसली आहेस, असं मी मनाला सांगितलं. तेही खरं नव्हतं. मला एकदा तरी बरोबर असायचं होतं. तू या माळावर माझ्याआधी चार वर्षं आलीस आणि पहिल्या दिवसापासून लोक मला विचारत होते, थोरल्या बाई काय म्हणतात.

फवारणीनंतर सोळाव्या दिवशी मी वाळलेल्या तुकड्यात फिरत होते. एका दगडामागे मागच्या हंगामातला एक सुकलेला तुरा अडकलेला होता. दोन काड्यांचा, बेचकीसारखा. घरजावयाचा तुरा एकच असतो, कोल्ह्याच्या शेपटीसारखा. मी तो उचलला, हातात चुरडला आणि टाकून दिला. म्हणजे चौकशीच्या सभेच्या दिवशी मला सगळं माहीत होतं.

सभेत तुला विचारलं, वहीत पांढरं आणि माळावर लाल, हे कसं? तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीकडे पाहिलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात तू सरळच विचारलंस, "तू बदलल्यास का?" मी म्हटलं, "मला काय माहीत? तूच लावल्यास." मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

मग तो कागद आला आणि मी सही केली.

आता साडेआठ झाले आहेत. पोस्ट नऊला उघडतं, ऑफिस दहाला. हे आधी टाकते, मग ऑफिसात जाते. उलट केलं तर वाटेत माझे पाय फिरतील. मी स्वतःला ओळखते. गवतापेक्षा बरी ओळखते.


शनिवार, १५

टाकलं, गेले, सांगितलं.

अधीक्षकांनी मला मध्येच थांबवलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. सावकाश." मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. मग त्यांना ते लेखी हवं होतं, तीन प्रतींत. तिसरी प्रत लिहिताना मी शुद्धलेखनाकडे लक्ष देत होते.

त्यांनी तिन्ही प्रती वाचल्या. तिन्ही सारख्याच आहेत हे मी सांगितलं तरी वाचल्या. मग म्हणाले, "हे सहा वर्षांपूर्वी का नाही?"

"घाबरले होते."

"आणि आता?"

"आता १९ तारखेला गाडी येणार आहे."

त्यांनी मान हलवली. गाडीवाल्याला माझ्यासमोर फोन लावला. कुंपणाजवळचा तुकडा फुलोरा येईपर्यंत वगळला आहे. तोवर त्यातला जो घरजावई नक्की ओळखू येईल तो हातानं काढायचा, एकेक काडी बघून. तो जुना कागद रद्द झाला. तुझी वही पुन्हा ग्राह्य आहे, आणि ते त्यांनी माझ्यासमोर फाईलमध्ये लिहिलं. मला दोन हंगाम झेंड्यांना हात लावता येणार नाही. खुणा मुकादम करतील, मी त्यांच्या हाताखाली.

मला वाटलं होतं नोकरीच जाईल. तसं विचारलंही. ते म्हणाले, "उपटायला आधीच माणसं कमी आहेत." हा विनोद होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मुकादमांना सांगायला माळावर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"म्हणजे आता मी सांगायचं आणि तुम्ही उपटायचं?"

"हो."

"आणि मी ओरडलो तर?"

"ऐकून घ्यायचं."

"बरं." मग पोतं झटकत म्हणाले, "पांढऱ्यांवरून त्या दिवशी मीच पंप धरून गेलो होतो. म्हणजे लालांवरून. थोरल्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मला वाटायचं माझंच काही चुकलं." मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नव्हतं. ते म्हणाले, "कळलं आता. येणार आहेत का त्या?"

"नाही."

"विचारलंत?"

घरी आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्या आठवड्यात तुझ्या विजारीच्या खिशात पांढऱ्या चिंध्या निघाल्या. दोन. मीच धुतल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाच्या बाजूनं बोलू? दोन्ही डोळे माझेच." घडी घातलेला टॉवेल तिनं उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "गप्प बसले. तर एक गेलाच लांब."

मग म्हणाली, "जेवतेस का?"

मी जेवले. उभ्यानंच, पातेल्यातून. मग दुपारी दोनला आडवी झाले आणि सहाला उठले. दुपारी इतकी कधी झोपले होते ते आठवत नाही. उठले तेव्हा खिडकी उघडी होती आणि खाली कोणीतरी सायकलची चेन बसवत होतं. मी बराच वेळ ते बघत राहिले. त्याला ती बसवता आली.

तू काय म्हणशील हे मला माहीत नाही. ते माहीत नसतानाही बरं वाटतंय, आणि त्याची लाजही वाटत नाही. हे तुला लिहावं की नाही असा विचार केला. लिहिलं.


शनिवार, २९

पंधरा दिवस मी जिन्यातली पेटी जाता-येता उघडून बघत होते. शेजारच्यांची पत्रंही मला पाठ झाली होती. तुझं पत्र आज आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.

तू लिहितेस, माफीचं आत्ता काही विचारू नकोस. विचारत नाही.

तू लिहितेस, तिकडे बियाणं तपासायच्या खोलीत तू प्रत्येक नमुना तीनदा बघतेस, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई तुला 'तिसरी घंटा' म्हणतात, कारण तू उठलीस की सगळ्यांना कळतं आता कुलूप लावायची वेळ झाली. हे वाचून मी हसले. मग पुढची ओळ वाचली. दोन-तीन वर्षांनी तुला खरंच वाटायला लागलं होतं की त्या दिवशी तूच लाल लावल्या असशील. डोक्यात पांढरं, हातात लाल. मी खोटं बोलेन, यापेक्षा तुला ते शक्य वाटलं.

मी पत्र टेबलावर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आई म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "अजून संपलं नाही."

शेवटच्या ओळी वाचल्या हे बरं झालं. "तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळे नमुने एकेकदाच तपासले. साडेचारला माझं काम संपलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे."

मग तू लिहितेस: "मी येणार नाही. फुलोरा आला की दाबून पाठव."

पाठवते. आता इकडचं. आम्ही कुंपणाजवळचा तुकडा बारा दिवस गुडघ्यांवर फिरलो. मुकादमांनी नवा नियम केला आहे: "सगळ्यांत वरचं पान बघा, बाकीची खोटं बोलतात." ज्यांच्या वरच्या पानालाही खरी झालर होती असे दोनशे सहा ठोंब निघाले. ते मुळासकट काढून ताडपत्रीवर वाळत टाकले. त्यांच्या आजूबाजूचे जे राहिले ते सगळे पांढऱ्या झेंड्यांत आहेत. झेंड्या मुकादम लावतात, मी मागून पोतं ओढते. परवा मी एका ठोंबाला जरा लवकर हात घातला, तर ते म्हणाले, "ओ बाई, आधी बघा. घाई कोणाला नडली ते माहीत आहे ना?" माणसांचे हात थांबले. मी म्हटलं, "माहीत आहे." मग मीच आधी हसले, मग सगळे.

मी परत लावलेल्या अठरा ठोंबांपैकी तेरा जगले. निम्मा उपटलेला एकोणिसावा सगळ्यांत जोमात आहे. मुकादम म्हणतात, अर्धवट सोडलेलं काम असंच वाढतं.


रविवार, ६

काड्या पोटरीवर आल्या आहेत. वरच्या पानाच्या म्यानात फुगवटा दिसतो, चिमटीत धरलं तर आत टणक लागतं. तुरा आत आहे. एक काडी आहे की दोन, ते बाहेरून कळत नाही. एक-दोन दिवसांत म्यान फाटेल. मुकादम काल म्हणाले, एक चिरून बघू, जिवाला शांतता. मी म्हटलं, नको.

अधीक्षक उद्या सकाळी सातला येणार आहेत. त्यांनी भिंतीवरचा तो कागद काढून सोबत आणायचं ठरवलं आहे, का ते सांगितलं नाही. तुरा एका शेपटीचा निघाला तर बुधवारी गाडी येईल आणि सगळा तुकडा फवारला जाईल. तसं झालं तर पानावरून तुझी आणि माझी दोघींचीही ओळख चुकली असं होईल, आणि या माळावर तांबडबुडी खरंच संपली असं लिहिलं जाईल. दोन काड्यांचा निघाला तर तुकड्याला आतून तारेचं कुंपण करायचं आणि पाणथळाजवळच्या जुन्या जागेवर इथलं बी टाकून बघायचं, असं ठरलं आहे.

मी आज दुपारी बसून विचार केला, मला भीती वाटते का? वाटते. पण ती गवताची आहे. इतकी वर्षं माळावर जाताना मला गवताची भीती वाटली असं कधी झालंच नव्हतं. ज्याची वाटायची ते वेगळं होतं आणि ते मी डब्यासारखं रोज सोबत न्यायचे. ते आता नाही. नुसत्या गवताबद्दल काळजी करणं किती हलकं असतं, हे मी विसरले होते.

आईनं सकाळी आतल्या खोलीतली गादी गच्चीवर उन्हात टाकली. मी विचारलं तर म्हणाली, "कोंदट वास येत होता." मी नाक लावून पाहिलं. मला आला नाही. खोलीही झाडून घेतली आहे, आणि खिडकीतल्या माझ्या फायली पलंगाखाली सरकवल्या आहेत. मी म्हटलं, त्या कशाला हलवल्यास? ती म्हणाली, "तुला प्रत्येक गोष्टीचं कारण लेखी लागतं का?"

उद्या तुरा मिळाला की दुपारीच दाबून ठेवते. वाळायला आठवडा लागेल. या पाकिटात तो नसेल, पुढच्यात असेल. मावेल असं पाकीट आणून ठेवलं आहे.

तुला एक विचारायचं राहिलं. त्या वर्षी बूड बघून तू इतकी ठाम कशी होतीस? मी गेले महिनाभर बुडं बघते आहे. ओल्या वर्षी दोन्ही गवतांच्या तांबड्यात फरक आहे, आता मला दिसतो. पण कोरड्या वर्षी नव्हता. मग तू काय पाहिलंस? की नुसतंच कळलं? तसं असेल तर तसं लिही. मी वाद घालणार नाही.


हे पत्र टाकलं नाही. सोमवारी सकाळी सव्वासहाला ताई आली. रात्रभर गाडीत बसून आली होती. चहा घेतला आणि सातला आम्ही माळावर होतो. तिला आता चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही आणि तिचा घाईत राहिला होता, मी माझा दिला. नऊ काड्यांचे तुरे म्यानाबाहेर आले होते, नऊही दोन-दोन काड्यांचे, तांबडबुडीचेच. अधीक्षकांनी भिंतीवरच्या त्या कागदाच्या मागच्या बाजूला नोंद करून घेतली आणि ते गेले. मुकादमांनी आम्हा दोघींच्या हातांत एकेक खुरपं दिलं आणि उत्तरेची कड दाखवली.